अंदमान, पाचवा महिना आणि दोन वर्षांची चिऊ: बोटींचं गणित कसं बसवू?

खारीबटर (कोथरूड)

नमस्कार मंडळी. अंदमानवर इथे ढिगाने धागे आहेत, पण एक तर हनिमूनवाल्यांचे, नाही तर निवृत्त काका-काकूंच्या ग्रुप टूरचे. माझ्यासारखीचा एकही सापडला नाही, म्हणून हा नवा.

मला दहावा आठवडा चालू आहे. दुसरी खेप. पहिली लेक, घरात चिऊ म्हणतो, ९ फेब्रुवारीला दोन वर्षांची होईल. नवऱ्याला फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा सोडून रजा नाही, तोवर मला एकविसावा-बाविसावा आठवडा असेल. जूनमध्ये दुसरं आलं की पुढची दोन-तीन वर्षं आमची झेप पानशेतच्या पलीकडे जायची नाही हे दोघांनाही कळून चुकलंय. त्यामुळे आत्ता, नाही तर मग पोरं शाळेत गेल्यावर.

एजंटने असा बेत पाठवलाय: ५ तारखेला चेन्नईमार्गे पोर्ट ब्लेअर, संध्याकाळी सेल्युलर जेल. ६ ला रॉस बेट आणि नॉर्थ बे. ७ ला बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा. ८ ला हॅवलॉक बेट. ९ ला तिथलेच एलिफंट बीच आणि राधानगर किनारा (इथे केक कापायचा, ही नवऱ्याची भर). १० ला नील बेट. ११ ला नीलहून सकाळच्या बोटीने पोर्ट ब्लेअर आणि तिथूनच विमानतळ.

वाचायला छान वाटतं. मग मी पेन घेऊन बसले आणि नुसत्या बोटीत चढायच्या वेळा मोजल्या. बारा झाल्या! छोट्या, मोठ्या, गाड्या वाहणाऱ्या, सगळ्या धरून. एजंटला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, काही होत नाही, सगळे जातात." सगळे जातात ते मलाही दिसतंय हो, पण सगळ्यांच्या कडेवर एक आणि पोटात एक नसतं.

माझं म्हणाल तर ताम्हिणी लागला की माझं डोकं खिडकीबाहेर. चिऊचं म्हणाल तर ती झोपेत सोडून कुठेही एका जागी बसत नाही. डॉक्टर म्हणाल्या, तब्येत अशीच राहिली तर हरकत नाही, पण मोठी सोनोग्राफी होऊ दे, मग पक्कं बोलू. सासूबाईंचा निकाल आधीच लागलाय: गर्भारशीने नावेत पाय ठेवायचा नसतो. कारण विचारायचं नसतं.

तर कोणत्या बोटी ठेवू, कोणत्या उडवू? उलट्यांचं काय करू? चिऊच्या मापाचं लाइफ जॅकेट तिथे मिळतं का? आणि मुळात हा वेडेपणा आहे का, हेही सांगितलंत तरी चालेल. मात्र कारणासकट सांगा. बिनकारणाचं घरी मिळतंय.

वनाजकर

दापोली. कर्द्याची सपाट वाळू, गरम जेवण, बोट नाही, विमान नाही. समुद्र तोच.

खारीबटर

काका, दापोली दर वर्षी होते. आणि तिथे जायलाही घाटच उतरावा लागतो, जिथे माझी पिशवी हातातच असते. आत्ताच्या घडीला मला बोटीपेक्षा ताम्हिणीची जास्त भीती वाटते.

ओहोटी (सहकारनगर)

खारीबटर, वेडेपणा अजिबात नाही. फक्त तुमच्या एजंटने जो बेत दिलाय तो पंचविशीतल्या जोडप्याचा आहे, तुमचं नाव घालून पुढे ढकललाय.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी पाचव्या महिन्यात जाऊन आले, बरोबर अडीच वर्षांचा मुलगा. माझं मत सांगते, मग तुम्ही ठरवा. बोटीत बसण्याचा त्रास फारसा नसतो. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक चाळीसेक किलोमीटर, खासगी कॅटामरान (दोन तळांची वेगवान बोट) दीड-पावणेदोन तासांत पोचवते. गार एसी, आरामशीर खुर्ची, आत टॉयलेट. शिवनेरीने दादरला जाण्याइतकंच ते कंटाळवाणं आहे. त्रास असतो तो जेट्टीचा. तासभर आधी हजर व्हा, ओळखपत्रं दाखवा, सामान तपासून घ्या, शेडमध्ये थांबा, पोराला धरून ठेवा, मग रांग, मग चढा. पलीकडे उतरल्यावर हेच उलट्या क्रमाने, वर रिक्षावाल्याशी घासाघीस. एका फेरीत अर्धा दिवस गेला असंच धरायचं. बोट किती वेळाची आहे याला काही अर्थ नाही, किती वेळा चढायचं-उतरायचं ते बघा. तुम्ही पेन घेऊन बसलात तेच बरोबर केलंत.

चढण्याचं जरा सविस्तर सांगते, कारण व्हिडिओत ते कुणी दाखवत नाही. जेट्टीवरून बोटीत जायला फळी असते, पाय घसरू नये म्हणून आडव्या पट्ट्या मारलेली. भरती असली तर ती जवळजवळ सपाट, ओहोटी असली तर चांगलीच उतरती. बोट बांधलेली असली तरी श्वास घेतल्यासारखी वर-खाली होत असते, त्यामुळे फळीचं पलीकडचं टोक घासत सरकतं. तिथे एक माणूस उभा असतो, तो दंडाला धरून आत घेतो. मागून लोक बॅगा ढकलत असतात. पाचव्या महिन्यात पोटामुळे तोल पुढे गेलेला असतो आणि स्वतःची पावलं नीट दिसत नाहीत. तेव्हा चिऊ तुमच्या कडेवर नको म्हणजे नकोच. ती बाबाकडे, आणि बाबाच्या हातात दुसरं काही नाही. तुमच्याकडे खांद्यावर एक आडवी पिशवी, दोन्ही हात मोकळे. मोठ्या बॅगा बोटीच्या माणसांच्या ताब्यात द्या. आणि गर्दी ओसरेपर्यंत सरळ बसून राहा, सीट नंबर तिकिटावर असतो. पहिलं चढून कुणाला बक्षीस मिळत नाही. मी फळीवरच्या माणसाला "पोटुशी आहे, सावकाश" एवढंच म्हटलं, त्याने मागच्यांना असा काही आवाज टाकला की विचारू नका.

आता तुमच्या बेतावर कात्री.

बाराटांग सगळ्यात आधी उडवा. गुहा सुंदर आहेत, वाद नाही. पण पोर्ट ब्लेअरहून पहाटे अंधारात निघावं लागतं, कारण जिरकाटांगच्या नाक्यावरून गाड्या ठरल्या वेळीच ताफ्याने सोडतात. पुढचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. तिथे थांबायला आणि फोटो काढायला बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. पण पाचव्या महिन्यातली बाई आणि नुकतं पॉटी ट्रेनिंग चालू असलेलं पोर एका गाडीत आहे आणि गाडी थांबू शकत नाही, हे चित्र डोळ्यासमोर आणा. पुढे गाड्या वाहणारी बोट, मग खारफुटीतून छोटी स्पीड बोट, मग चालणं, आणि हे सगळं परत.

एलिफंट बीचही उडवा. हॅवलॉकच्या जेट्टीवरून छोट्या स्पीड बोटी जातात. त्या लाटेवर आपटतात, आणि ते आपटणं थेट कमरेत येतं. तिथे जायचं ते पाण्याखालचं बघायला. तुम्हाला स्कूबा तर करताच येणार नाही, गरोदरपणात ती पूर्ण बंद. मग कशाला? नॉर्थ बेचंही तेच. रॉस ठेवायला हरकत नाही, बंदरातल्या बंदरात थोडक्यात पोचतो, हरणं आहेत, चिऊ खूश होईल. मात्र त्या दिवशी वारा असेल तर हट्ट करू नका.

नीलवर आमच्या घरी बरीच वादावादी झाली होती. शेवटी सोडलं. एकच बेट, हॅवलॉक, तिथे चार रात्री. एक बोट जायची, एक यायची. राधानगरला सपाट वाळू आहे, सावलीला मोठाली झाडं आहेत, २०२० मध्ये ब्लू फ्लॅग (स्वच्छ किनाऱ्याचं मानांकन) मिळाल्यापासून कपडे बदलायची आणि टॉयलेटची सोय बरी आहे. लेकराला आणखी काय लागतं? खोरं आणि बादली. माझा मुलगा कालापत्थरच्या किनाऱ्यावर एका नारळाच्या करवंटीने सकाळभर खड्डा खणत होता. आम्ही दोन हजार किलोमीटर उडून आलोय, याचं त्याला काही नव्हतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरलाच झोपायचं. सकाळी नीलहून बोट आणि दुपारी विमान, हा बेत ज्याने लिहिला त्याला दोन हात लांब ठेवा. हवा बिघडली की बोटी रद्द होतात, विमान तुमच्यासाठी थांबत नाही.

अजून एक, हे मला तिथे गेल्यावरच कळलं. घड्याळ आपलंच, पण बेटं खूप पूर्वेला आहेत. फेब्रुवारीत साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, पुण्यापेक्षा तासभर आधी. सकाळी तितकंच लवकर फटफटतं. मुलं उजेडाबरोबर उठतात आणि संध्याकाळी सहालाच पेंगायला लागतात. जेवणाची वेळ हॉटेलवाल्याला आधी सांगून ठेवा, साडेसहाला वरण-भात देता का म्हणून. आम्हाला दिला, वर लिंबाची फोड पण.

शिडाचं होडकं (बाणेर)

वनाजकर, समुद्र तोच नव्हे. दापोलीचा अरबी, हा बंगालचा उपसागर आणि अंदमान समुद्र. आयुष्य जहाजांवर गेलं, म्हणून एवढी चूक सोडवत नाही.

ताई, फेब्रुवारी निवडलात ते उत्तम. मे ते सप्टेंबर तिथे नैऋत्य मोसमी वारे, ऑक्टोबरपासून ईशान्येचे, आणि उपसागरातली चक्रीवादळं बहुतेक मेच्या किंवा नोव्हेंबरच्या आसपास. डिसेंबर-जानेवारीतही ईशान्येचा वारा कधी कधी पाणी खवळवतो. फेब्रुवारी ते एप्रिल सगळ्यात शांत. त्यातही सकाळची बोट घ्या, दुपारी वारा वाढतो.

आता सीट. वरच्या मजल्यावरचं महागडं तिकीट घेऊ नका. उंचावर हिंदोळा जास्त लागतो, म्हणजे जास्त पैसे देऊन जास्त उलट्या. खालचा मजला, मध्यापासून जरा मागे, शक्यतो मधल्या रांगेत आणि वाटेलगत. बोटीचं पुढचं टोक लाटेवर सगळ्यात जास्त वर-खाली होतं. कॅटामरानला दोन तळ असतात, त्यामुळे ती साध्या बोटीसारखी बाजूला कलत नाही, पण आखूड लाटांवर तिला छोटे छोटे झटके बसतात. मळमळ होते ती कानातला तोल सांभाळणारा भाग एक सांगतो आणि डोळे दुसरं सांगतात म्हणून. तेव्हा मोबाईल बंद, पुस्तक बंद, चिऊला चित्रं दाखवायचं काम बाबाचं. लांब क्षितिजाकडे बघत राहायचं. बंद केबिनच्या काचांवर मीठ साचून क्षितिज दिसेनासं होतं, ही खरी अडचण. सरकारी बोटी हॅवलॉकला जायला जास्त वेळ घेतात, पण डेकवर उभं राहून वारा खाता येतो. काहींना तेच मानवतं. तुम्हाला घाट लागतो म्हणता, तर निघायच्या आधी चौकशी करा, काही खासगी बोटींनाही उघडा डेक आहे.

लाइफ जॅकेट चिऊचं स्वतःचं घेऊन जा. तिथे तिच्या मापाचं मिळेलच असं धरून चालू नका, आणि मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाला घातलं तर पाण्यात ते वर राहतं आणि मूल खालून निसटतं. घेताना तीन गोष्टी बघा: दोन पायांमधून जाणारा पट्टा, डोक्यामागे कॉलर, आणि कॉलरला उचलायची कडी. घातल्यावर खांद्याला धरून जॅकेट वर ओढा. हनुवटी, कान आत गेले तर ते मोठं आहे. मुलं पहिल्यांदा घातलं की भोंगा पसरतात, म्हणून आत्तापासून घरात खेळायला घालू द्या.

बाबाने चिऊला पाठीवरच्या कॅरिअरमध्ये बांधून नेलं तर जेट्टीपर्यंत ठीक. बोटीत पाय टाकायच्या आधी पट्टे सोडायचे. पाण्यात पडायची वेळ आलीच तर मोठ्या माणसाला बांधलेलं मूल त्याच्याबरोबर खाली जातं, आणि कॅरिअरवरून जॅकेट बसत नाही. तुमच्या जॅकेटचे पट्टे पोटाच्या वर आणि खाली बांधा, मधोमध आवळू नका.

पुरणाची करंजी

लक्षद्वीपचा विचार केलात का? गर्दी कमी, पाणी निळंशार. नणंद जाऊन आली, वेडी झाली.

शिडाचं होडकं

नणंद पोटुशी नव्हती ना? लक्षद्वीप या घडीला नको. कोचीहून जहाज चौदा ते अठरा तास, ते एक वेळ झोपून काढता येतं. पण बहुतेक बेटांभोवती प्रवाळाचं कडं आहे, आत पाणी उथळ. जहाज बाहेरच उभं राहतं आणि प्रवाशांना भर समुद्रात छोट्या होडीत उतरवतात. होडी खाली गेली की पायरी वर, होडी वर आली की पायरी खाली, त्या दोहोंचा मेळ बसेल त्या क्षणी पाऊल टाकायचं. खलाशी सराईत असतात, रोज करतात. तरीही पाचव्या महिन्यात आणि कडेवर मूल असताना मी माझ्या मुलीला पाठवणार नाही. विमानाने अगत्तीला जाता येतं, पण तिथून दुसऱ्या बेटावर जायचं तर पुन्हा छोटी बोट. वर परवान्याची कामं वेगळी.

स्टेथो

मी डॉक्टर आहे, पण भूलतज्ज्ञ, आणि तुमची फाइल माझ्यासमोर नाही. शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

त्यांनी सोनोग्राफीपर्यंत थांबवलंय ते अगदी योग्य. अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यानच्या तपासणीत वार (प्लासेंटा) कुठे आहे तेही कळतं. ती खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी असेल, मध्ये रक्तस्राव झाला असेल, गर्भाशयाचं तोंड आखूड असेल किंवा चिऊच्या वेळी दिवस भरण्याआधी कळा आल्या असतील, तर बेत रद्द, चर्चा नाही. यातलं काही नसेल तर चौदा ते अठ्ठावीस आठवडे हा प्रवासाला सगळ्यात सोयीचा काळ मानतात: सुरुवातीच्या उलट्या ओसरलेल्या असतात आणि पोट अजून आटोक्यात असतं. सोनोग्राफी जानेवारीच्या शेवटी येईल तुमची. म्हणून तिकिटं आणि हॉटेल बदलता किंवा रद्द करता येतील अशीच घ्या, चार पैसे जास्त पडले तरी.

बोट म्हणून बाळाला धोका नसतो. काळजी तीन गोष्टींची: पडणं, पोटाला जोराचा हादरा, आणि काही झालं तर दवाखाना किती लांब. तिसरीचं बोलू. हॅवलॉकला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. मोठं सरकारी रुग्णालय, जी. बी. पंत, पोर्ट ब्लेअरला. म्हणजे मध्ये समुद्र, आणि रात्री नेहमीच्या बोटी नाहीत. हेलिकॉप्टर सेवा आहे, पण तिच्या भरवशावर कुणी सहल आखू नये. सासूबाईंना कारण सांगता येत नसेल, पण हे कारण खरं आहे, आणि ते ऐकूनही जायचं की नाही हे तुम्ही दोघांनी ठरवायचं.

रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर मुद्दाम लक्षात ठेवा. पडल्यावर किंवा रक्तस्राव झाल्यावर अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांच्या आत लागतं. सोनोग्राफीचा अहवाल, रक्तगट आणि चालू गोळ्यांचा कागद मोबाईलमध्ये ठेवाच, पण छापील प्रतही पिशवीत असू दे.

उलट्यांसाठी डॉक्सिलामाइन आणि बी-६ ची गोळी गरोदरपणात सर्रास देतात, चिऊच्या वेळी बहुधा घेतलीही असेल. तिने झोप येते, म्हणून घरी एकदा घेऊन बघा, आणि डॉक्टरांना विचारूनच. बोट लागण्याच्या इतर गोळ्या दुकानातून स्वतःहून घेऊ नका. आणि चिऊला तुमची गोळी अर्धी करून देणं तर मुळीच नको. अॅव्होमिनसारख्या गोळ्यांमधलं प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत, श्वासावर परिणाम होऊ शकतो. ९ तारखेला केक कापला म्हणून १० तारखेला ते सुरक्षित होतं असंही नाही. तिला बहुधा काही लागणारच नाही. दोन वर्षांपर्यंतच्या मुलांना बोट-गाडी सहसा लागत नाही, तो त्रास पुढे सुरू होतो आणि सहा ते बाराच्या दरम्यान सगळ्यात जास्त असतो.

विमानात आणि बोटीत दर तासाला उठून चार पावलं चाला, पोटऱ्या हलवत राहा, पाणी पीत राहा. गरोदरपणात पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो. डासांचं म्हणाल तर क्रीम इथेही लावा आणि तिथेही. झिकासाठी (डासांमुळे पसरणारा, पोटातल्या बाळाला धोक्याचा विषाणू) अंदमानला जायची गरज नाही, २०२४ मध्ये तो आपल्या एरंडवण्यातच निघाला होता.

ओहोटी

गोळीबरोबर आलेपाक ठेवा. मला त्याचा खूप आधार झाला, आणि चिऊच्या हातात वडी दिली की तीही पाच मिनिटं गप्प. रिकाम्या पोटी चढू नका, टम्म भरूनही नको. मी सकाळी दोन खाकरे आणि केळं खाऊन चढायचे. आणि पिशवीत एक स्वेटर, त्या एसीला माया नाही.

हिशेबनीस

एक मुद्दा सगळ्यांच्या नजरेतून सुटलाय. ५ तारखेला जाताना चिऊ दोनच्या आतली, म्हणजे मांडीवर बसवून इन्फंट तिकिटावर चालेल. ११ ला परत येताना ती दोन वर्षं पूर्ण झालेली असेल, तेव्हा तिला स्वतःची सीट आणि लहान मुलाचं तिकीट लागेल. एजंट दोन्हीकडे इन्फंट टाकून मोकळा होईल आणि तुम्ही पोर्ट ब्लेअरच्या काउंटरवर भांडत बसाल. दोन्हीकडची सीटच घ्या असं म्हणेन. पाचव्या महिन्यात, पुणे-चेन्नई आणि मग चेन्नईहून वर सव्वादोन तास, मांडीवर बारा किलो नको.

बोटीच्या तिकिटालाही जन्मतारीख नीट सांगा. आणि तिकिटावर श्री विजयपुरम किंवा स्वराज द्वीप दिसलं तर दचकू नका. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये बदललं, हॅवलॉकचं २०१८ मध्ये. नीलचं शहीद द्वीप.

प्रवास विमा काढणार असाल तर बारीक अक्षरं वाचा. गरोदरपणाशी संबंधित खर्च बहुतेक पॉलिसींमध्ये वगळलेला असतो.

पुरणाची करंजी

लक्षद्वीप मागे घेते. त्याऐवजी कामाचं सांगते. जानेवारीत रंगीत तालीम करा की. गेटवेहून मांडव्याला कॅटामरान जाते, तासाभराचा प्रवास. तुम्हाला लागतं का, चिऊ किती वेळ बसते, जॅकेट घालते का, सगळं कळेल. वाईटात वाईट म्हणजे अलिबागला पोहे खाऊन परत याल. भाऊच्या धक्क्यावरून गाड्या वाहणारी रो-रो बोट पण जाते, पण ती एवढी मोठी आहे की तुम्हाला बोटीत बसल्यासारखं वाटणारच नाही, तिच्यावरून अंदमानचा अंदाज बांधू नका.

शिडाचं होडकं

सूचना झकास. फक्त गेटवेला पायऱ्यांवरून बोटीत उतरावं लागतं आणि पायऱ्यांना शेवाळ असतं. तुम्ही रबरी तळाचे, मागे पट्टा असलेले सँडल घाला, चपला नकोत. मांडव्याला जेट्टी चांगली आहे.

खारीबटर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नवऱ्याला समोर बसवून हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. बाराटांगच्या "गाडी थांबू शकत नाही"वर तो स्वतःच म्हणाला, काट. एलिफंट बीचवर जरा कुरकुरला, त्याला मासे बघायचे होते. त्याने एकट्याने जाऊन यावं आणि तोवर आम्ही दोघी राधानगरला खड्डा खणावा, असं ठरलं.

नवा बेत: ५ ला पोर्ट ब्लेअर, ६ ला आराम आणि वारा नसेल तर रॉस. ७ ला सकाळच्या बोटीने हॅवलॉक, ११ ला सकाळच्याच बोटीने परत, ती रात्र पोर्ट ब्लेअरला, १२ ला विमान. नील गेलं. बारा फेऱ्यांपैकी समुद्रातल्या दोनच उरल्या, रॉसच्या वेगळ्या. एजंटला फोन केला तर म्हणतो, मॅडम, मग पॅकेज बसत नाही. म्हटलं, नकोच पॅकेज. हॉटेलं आम्हीच बघतोय, रद्द करता येतील अशी. विमानाची तिकिटं चिऊच्या दोन्हीकडच्या सीटसकट.

डॉक्टरांकडे काल गेलेच होते. रक्तगट बी पॉझिटिव्ह, चिऊ पूर्ण दिवसांची होती, तेवढ्यापुरतं ठीक. गोळीचं त्यांनी सोनोग्राफीच्या वेळी लिहून देते म्हटलंय. आरोग्य केंद्र आणि समुद्राचा मुद्दा आम्ही दोघांनी बराच वेळ बोलला. सोनोग्राफीत जरा जरी शंका निघाली तरी जायचं नाही, यावर दोघांचं एकमत आहे, आणि तसं लिहून फ्रिजवर लावलंय, म्हणजे ऐनवेळी कुणाला पैशांची हळहळ वाटायला नको.

जॅकेट मागवलं. चिऊ ते घालून जेवायला बसते आणि काढू देत नाही. कॉलरमध्ये आमटी गेली.

सासूबाईंना शेवटी स्टेथो यांचा परिच्छेद वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "मी तेच तर सांगत होते." आता त्या जायला नको म्हणत नाहीयेत, आलेपाक करायला घेतलाय.

एकच प्रश्न उरला. मांडव्याला रविवारी जावं की मधल्या वारी?

पुरणाची करंजी

मधल्या वारी. रविवारी अर्धी मुंबई अलिबागला निघते. मंगळवार-बुधवार बघा, पुण्याहून पहाटे निघून दहाच्या आत गेटवेला पोचा, आणि परतीची शेवटची बोट किती वाजता ते उतरल्या उतरल्या मांडव्याच्या खिडकीवर विचारून घ्या.